सतरा मुलं, दोन शिक्षक आणि स्नेहसंमेलनाचं नाटक : नाटक शिकवायचं कसं?

समुद्रशाळा (१४ सप्टेंबर)

आमची शाळा मालवण तालुक्यात, अगदी किनाऱ्याला लागून. पहिली ते पाचवी, पट सतरा, शिक्षक आम्ही दोघं. मी मूळची घाटावरची, इथे येऊन पाच वर्षं झाली. स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं.

आजवर मी काय करत आले ते सांगते. पुस्तकाच्या दुकानातून बालनाट्याची पुस्तिका आणायची, संवाद वहीत उतरवून द्यायचे, डिसेंबरभर पाठ करून घ्यायचे. पुस्तिकेत पात्रं असतात एक तर बावीस, नाहीतर चार. बावीस असली की चौथी-पाचवीची मुलं तीन-तीन भूमिका करतात. चार असली की उरलेली तेरा मुलं झाडं, ढग, ससे.

गेल्या जानेवारीत दुसरीतली एक मुलगी ससा होती. आईनं हौसेनं कापसाचे कान करून दिले होते. प्रयोग झाला, टाळ्या झाल्या, मुलं घरी निघाली, तरी ती कान घालून बाकावर बसलेली. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, माका बोलूक कदी गावतला?" तिला वाटत होतं, तिची पाळी अजून यायची आहे.

तेव्हापासून मला पुस्तिका हातात घ्यावीशी वाटत नाही. गणपतीची सुट्टी संपली की जानेवारीपर्यंत वेळ आहे. इथे नाटक करणारी, शिकवणारी मंडळी आहेत. तयार संहिता नकोत. मुलांबरोबर रोज काय करायचं, कुठून सुरुवात करायची, ते सांगाल का?

अबोली (१४ सप्टेंबर)

बाई, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. मी मूळची चिपळूणची, आता पुण्यात असते आणि बारा वर्षं शाळांमधून नाट्यखेळ घेते.

पहिली गोष्ट, आपण तीन वेगळ्या गोष्टींना 'बालनाट्य' म्हणतो. मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं नाटक, मुलांनी प्रेक्षकांसमोर केलेलं नाटक, आणि वर्गात कोणी बघायला नसताना केलेलं नाटक. तिन्ही हवीत, पण तिसऱ्याशिवाय दुसऱ्याला हात घातला की मुलं झाडं होतात.

सुरुवात खेळांनी करा. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाई होत्या, शिकागोच्या. त्यांच्यापुढे वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांची, एकमेकांची भाषाही धड न येणारी मुलं होती. पाठ केलेल्या संवादांचा तिथे उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी अभिनयातली एकेक अडचण घेऊन तिचा खेळ केला. त्यांचं पुस्तक १९६३ सालचं आहे आणि जगभरचे नाट्यशिक्षक आजही ते वापरतात. त्यातला एक खेळ रस्सीखेचीचा. दोन बाजू, मध्ये दोर, पण दोर खरा नाही. मुलांना "जोर लावल्याचा अभिनय करा" असं म्हणायचं नाही. सांगायचं एवढंच, की दोर सगळ्यांना दिसला पाहिजे. लक्ष दोरावर गेलं की मूल लाजायचं विसरतं. तुम्ही बाजूला उभं राहून, खेळ न थांबवता, मधूनमधून फक्त आठवण द्यायची, "दोर बघा, दोर कुठे आहे?" चूक-बरोबर काही म्हणायचं नाही.

आठवडाभर हा एकच खेळ घेऊन बघा आणि इथे सांगा.

तिसरी घंटा (१५ सप्टेंबर)

अबोलीताईंच्या म्हणण्याला माझा विरोध नाही, पण दुसरी बाजूही मांडतो. मी रत्नागिरीत मुलांची नाटकं बसवतो, राज्य बालनाट्य स्पर्धेसाठीही.

खेळ म्हणजे नाटक नव्हे. रंगमंचावर उभं राहून शेवटच्या रांगेतल्या अनोळखी माणसापर्यंत आपलं वाक्य पोचवणं, ही शिकायची गोष्ट आहे आणि ती तालमीनंच येते. आमच्याकडे आजूबाजूच्या गावांतली मुलं येतात. सावरकर नाट्यगृहात पहिल्यांदा विंगेत उभी राहतात, पडदा, दिवे, अंधारातली माणसं बघतात. त्या दहा मिनिटांत त्यांच्यात जो बदल होतो, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. स्पर्धा नसती तर त्यांना ते नाट्यगृह बाहेरूनच दिसलं असतं.

आणि मुलांना साधंसुधं चालतं, हे आपण मोठ्यांनी ठरवलंय. सुधाताई करमरकरांनी १९५९ साली 'मधुमंजिरी' केलं, रत्नाकर मतकरींचं. त्यामागे हट्टच होता, की मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकाइतकंच चांगलं नेपथ्य, प्रकाश, संगीत हवं. मतकरींनी पुढे स्वतःची बालनाट्य संस्था काढली आणि स्वतः राबून चालवली. त्यांचं 'अलबत्या गलबत्या' २०१८ मध्ये पुन्हा आलं आणि नाट्यगृहं भरली. चेटकीण केली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वैभव मांगलेंनी. तेव्हा खेळ जरूर घ्या, पण शेवटी मुलांना एक नीट प्रयोग द्या. उच्चाराकडेही लक्ष द्या. न-ण, श-स स्वच्छ हवेत.

सुरंगी (१५ सप्टेंबर)

माझी मुलगी अशाच एका स्पर्धेत होती, संस्थेचं नाव लिहीत नाही. आधीच्या रात्री तिला दोनदा उलटी झाली. तालमीत वाक्य चुकलं की सगळ्यांसमोर उठाबशा. बक्षीस मिळालं, त्या वर्षी. त्यानंतर ती घरातसुद्धा कधी नक्कल करत नाही. आधी जेवताना सगळ्या आळीच्या नकला करायची.

तिसरी घंटा, तुम्ही तसे नसाल. तरी लिहावंसं वाटलं.

तिसरी घंटा (१५ सप्टेंबर)

सुरंगीताई, उठाबशा काढायला लावणाऱ्याला तालीम घेण्याचा अधिकार नाही. तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. अशी उदाहरणं आमच्या क्षेत्रात आहेत आणि आम्ही ती बोलत नाही, हे कबूल.

पेटारा (१६ सप्टेंबर)

नमस्कार बाई. मी दशावतारी, जत्रेत रात्रभर नाटकां करणारो. कंपनीत नाव लागून सव्वीस वर्षां झाली. इथे लिवूची सवय नाय, समजून घ्या.

तुम्ही संहिता नको म्हणता, आमच्याकडे ती कधी नव्हतीच. संध्याकाळी गावात पोचायचं, जागा बघायची, आणि रंगायला बसताना जाणता माणूस सांगतो, आज अमुक आख्यान. कोणी काय करायचं ते ठरतं. संवाद ज्याचे त्याने. समोरचा काय बोलला ते कान देऊन ऐकलं नाही तर तुमच्याकडे बोलायला काही नाही. नवीन पोरगा कंपनीत आला की त्याला आधी वर्षभर ऐकायचंच काम. मागे बसून पेटी, मृदंग, झांज ऐकायची, मोठ्यांची बोलणी ऐकायची. तोंड उघडायचं नंतर.

आणि सामान काय? एक बाकडं. त्यावर राजा बसला की सिंहासन, उतरला आणि फेरी मारली की रान. प्रेक्षकांना सांगावं लागत नाही. तुमची मुलं हे लहानपणापासून बघत आलीत. जत्रेक रातभर आवशीच्या मांडीवर झोपान, मदीच उठान संकासूर बघलेली पोरां ती. त्यांना नाटक येतां. तुम्ही फक्त काढून घेवचा.

एक सुचवतो. मुलांना माहीत असलेली गोष्ट घ्या, गणपतीची, नाहीतर गावच्या देवळाची. एकदा सगळ्यांनी मिळून सांगायची. मग संवाद न देता उभं करायचं. अडली तर अडू दे.

जुना फळा (१७ सप्टेंबर)

तिसरी घंटा यांनी उच्चारांचं लिहिलंय, त्यावर थोडं. मी देवगड तालुक्यातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तीस वर्षं मीही मुलांचं 'नाय' खोडून 'नाही' केलं. वाचनात, लेखनात ते केलंच पाहिजे, पुढे त्यांना परीक्षा द्यायच्यात. नाटकात मात्र ते पहिल्या दिवशी करू नये. मूल मनात मालवणीत बोलतं, मग त्याचं भाषांतर करतं, मग तोंड उघडतं. तोवर समोरच्याचा संवाद संपलेला असतो. पेटारा म्हणतात तो कान देण्याचा भाग तिथेच मरतो. आणि मालवणी नाटकाचं म्हणाल, तर १९८० मध्ये 'वस्त्रहरण' आलं तेव्हा ती बोली उभ्या महाराष्ट्रानं ऐकली की.

बाई, शाळेत एक पेटी करा. मी तीन शाळांत केली होती. दोन पंचे, एक जुनी नऊवारी, एक घोंगडी, घमेलं, चार काठ्या, सुंभाची गुंडाळी, दहा-बारा करवंट्या. टोपी, मुकुट, शेपट्या टाकू नका. मुकुटाचा मुकुटच होतो. पंचा फेटा होतो, तान्हं मूल होतं, जखमेची पट्टी होते, नदी होते. करवंट्यांचा पाऊस फार सुंदर वाजतो, घोड्याच्या टापाही होतात. खर्च जवळजवळ शून्य.

समुद्रशाळा (२६ सप्टेंबर)

सगळ्यांचे आभार. दोरीचा खेळ सुरू केला आणि बुधवारी जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सोमवार-मंगळवार नुसता गोंधळ होता. एक हात मागे नेतोय, दुसरा त्याच वेळी पुढे, दोर मध्येच रबरासारखा लांबतोय. मी "दोर बघा" एवढंच म्हणत होते. बुधवारी चौथीतला एक मुलगा मध्येच थांबला. वाचनात मागे आहे, वर्गात सहसा बोलत नाही. मला म्हणाला, "बाई, ही रस्सीखेच खोटी. आमी रापण ओढूया."

रापण म्हणजे समुद्रात सोडून किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं. त्याच्या घरी रापण आहे. त्यानं सगळ्यांना पटांगणात उभं केलं. दोन टोळ्या, एकमेकींपासून लांब, तोंडं समुद्राकडे. समुद्र म्हणजे आमचा व्हरांडा. दोर धरून पावलं मागे टाकत यायचं. सगळ्यात मागचा वर पोचला की दोर सोडतो आणि धावत पाण्याजवळ जाऊन पुन्हा सगळ्यांच्या पुढे धरतो. जाळं जवळ येईल तशा दोन्ही टोळ्या एकमेकींकडे सरकतात. हे सगळं मला माहीत नव्हतं. पाच वर्षं रोज किनाऱ्यावरून शाळेत जाते, पण मागचा माणूस पुढे का धावतो याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

मग दोर दिसायला लागला. खरंच दिसायला लागला. पहिलीतली एक मुलगी हात सोडून नाक पुसायला लागली तर दोघं तिच्यावर ओरडले, "दोर पडलो गो!" शेवटी जाळं वर आलं तेव्हा सगळी वाकून बघत होती आणि कोणी बांगडे मोजत होतं, कोणी "नुसती जेली" म्हणून हात झटकत होतं. मग वाटे पडले. वाट्यावरून भांडण झालं, तेही खरंखुरं, कारण पाचवीतल्या मुलानं होडीवाल्याचा वाटा जास्त काढला.

सतराही मुलं दोराला होती. पुढे काय करू?

अबोली (२६ सप्टेंबर)

बाई, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. यात संहिता लिहायची घाई करू नका, आणखी थोडं खणा.

डोरोथी हीथकोट म्हणून इंग्लंडमधल्या बाई होत्या. चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेल्या, पुढे न्यूकॅसलला विद्यापीठात नाट्यशिक्षण शिकवू लागल्या. २०११ मध्ये गेल्या. त्यांची पद्धत अशी, की शिक्षकानं स्वतः भूमिकेत जायचं, पण ज्याला काही येत नाही, ज्याला मदत हवी आहे अशा माणसाच्या. मुलांनी त्या कामातले जाणकार व्हायचं. एरवी वर्गात उत्तर शिक्षकाकडे असतं. इथे ते मुलांकडे असतं आणि मुलांना ते लगेच कळतं.

तुमच्याकडे तर भूमिका तयार आहे. घाटावरून आलेली, समुद्र कधी न पाहिलेली बाई, जिला रापणीवर कामाला राहायचंय. डोक्यावर पदर घ्या, म्हणजे भूमिका सुरू. पदर काढला की पुन्हा शाळेच्या बाई. ही खूण अगदी पक्की ठेवा.

ती खूण का, तेही सांगते. कामाच्या पहिल्या वर्षी मी एका वर्गात मुलांना 'घरातली संध्याकाळ' करायला सांगितली. तिसरीतला एक मुलगा दारू प्यालेला बाप झाला. हुबेहूब. वर्ग हसला, मीही हसले. मग त्यानं बायको झालेल्या मुलीला खरोखर मारलं. त्यानंतर तो दिवसभर बोलला नाही आणि मला काय करावं ते सुचलं नाही. मूल खेळात काय घेऊन येईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून भूमिकेत शिरायची आणि बाहेर पडायची वाट आधीच आखलेली हवी. पंचा खाली ठेवला की मी बाप नाही. आणि मुलांना त्यांचं स्वतःचं घर करायला कधीच सांगू नये. 'एका गावातलं एक घर' म्हणावं. मूल हवं तेवढंच आत येतं.

तिसरी घंटा (२७ सप्टेंबर)

रापणीचं वाचलं. बाई, तुमच्याकडे नाटक आहे. माझं म्हणणं थोडं मागे घेतो, सगळं नाही.

आता प्रयोगाचा विचार आत्तापासून करा. पटांगणात मुलं एकमेकांना बघतात, स्टेजवर त्यांना लोकांनी बघायचंय. तुमचा दोर प्रेक्षकांच्या दिशेनं आला पाहिजे. मुलं समुद्राकडे तोंड करून मागे सरकणार असतील, तर समुद्र कुठे ठेवायचा? प्रेक्षकांत ठेवलात तर मुलांचे चेहरे दिसतील आणि जाळं लोकांच्या अंगावरून ओढलं जाईल. मला तर तो प्रयोग आत्ता दिसतोय. आवाजासाठी एक उपाय, समुद्रावर मोठ्यानं बोलायची त्यांना सवय आहेच. एका टोळीला पटांगणाच्या या टोकाला, दुसरीला त्या टोकाला उभं करून बोलायला लावा. 'मोठ्यानं बोल' असं सांगावंच लागणार नाही.

जुना फळा (२७ सप्टेंबर)

समुद्र प्रेक्षकांत. वा!

अबोली (२८ सप्टेंबर)

तिसरी घंटा, समुद्र प्रेक्षकांत हे मला सुचलं नसतं. मुलांच्या नाटकात त्यांचं आजचं जगणं यावं, यासाठी आमच्या पुण्यात ग्रिप्स नावाचा बालनाट्याचा प्रकार आला, १९८६ मध्ये, डॉ. मोहन आगाशे यांच्यामुळे. मूळ बर्लिनचा. त्यात राक्षस, परी नाहीत. आईबाबांची भांडणं, खेळायला जागा नसणं, मोठ्यांचं न ऐकणं. मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात आणि पोरं खुर्चीतून ओरडून दाद देतात. मला चेटकीणही हवी आणि हेही हवं. बाईंच्या रापणीत दोन्हीला जागा आहे, जाळ्यात काय येईल ते अजून ठरलेलं नाही.

समुद्रशाळा (१९ नोव्हेंबर)

बरेच दिवस लिहिलं नाही. दिवाळी, सहामाहीचे पेपर, आणि दुसऱ्या शिक्षकांना निवडणुकीचं काम होतं, तेव्हा तीन आठवडे पाचही वर्ग मी एकटीच बघत होते. नाटक त्या दिवसांत फक्त शेवटची वीस मिनिटं.

पदर घेतला आणि कामाला आले. मुलांनी मला तीन दिवस दोराला हात लावू दिला नाही! आधी वाळू ओळखायला शिकवलं, मग वारा. एक मुलगी म्हणाली, "बाईनू, जून-जुलैत येव नको, बंदी आसता. नारळी पौर्णिमेक नारळ दिल्याबिगर कोण दर्यात जाणत नाय." मी विचारलं, बंदी कशाला? मग माशांच्या अंड्यांपासून मोठ्या ट्रॉलरपर्यंत सगळं निघालं. पर्ससीनवाल्यांवर, म्हणजे यांत्रिक बोटींनी भलंमोठं जाळं टाकणाऱ्यांवर, तर पाचवीच्या मुलांनी अशी सभा घेतली की मला मध्ये बोलायला फट मिळेना. त्यातल्या दोघांची घरं या वादात दोन बाजूंना आहेत, त्यामुळे मी जरा धास्तावले होते. अबोलीताईंची आठवण ठेवून 'एका गावातली सभा' म्हटलं आणि सभा संपल्यावर सगळ्यांनी पंचे पेटीत टाकले. बाहेर ती दोघं एकत्रच घरी गेली.

परिसर अभ्यासाच्या वहीत यातलं बरंच उतरलंय. चौथीतल्या त्या मुलानं रापणीवर अर्धं पान लिहिलं, स्वतःहून. जोडाक्षरं चुकलीत. मी अजून लाल पेन लावलेलं नाही.

गेल्या शनिवारी जुना फळा सरांच्या सांगण्यावरून मुलांना कुडाळजवळच्या पिंगुळीला नेलं. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ते ठाकर समाजाचे कलाकार, त्यांचं कुटुंब तिथे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या सांभाळून आहे. एकेक चित्र पुढे धरत, गात, गोष्ट सांगत जायची. परत आल्यावर मुलांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागे रापणीची चित्रं काढली, अकरा झालीत. नाटकाची सुरुवात त्या चित्रांनी करायची असं त्यांनी ठरवलंय. पहिली-दुसरीची मुलं चित्रं धरून गोष्ट सांगणार, मग मोठी मुलं दोर घेऊन येणार.

ससा झालेली मुलगी आता तिसरीत आहे. जाळं दिसलं की सगळ्यात आधी ओरडायचं काम तिचं. वाक्य एकच, पण ती ते रोज बदलते. काल ओरडली, "पाण्यात काळो ढग इलो!" सगळे खरंच वळून बघायला लागले.

दोन गोष्टी अडल्यात. एक, ऐकण्याची. दोघं-तिघं एकदम बोलतात, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. दुसरी, शेवट. वाटे पडल्यावर नाटक नुसतं विस्कटतं. पेटारा, तुमचे जत्रांचे दिवस सुरू झाले असतील, जमेल तेव्हा सांगा.

पेटारा (२२ नोव्हेंबर)

बाई, हो, त्रिपुरी पौर्णिमेपासून रोज वेगळं गाव. आता गाडीत बसून लिहितोय.

ऐकण्यासाठी : मुलांना गोल बसवा, मध्ये बाकडं. बाकड्यावर एकच जण, बोलणार तोच. दुसऱ्याला बोलायचं तर त्याने येऊन पहिल्याच्या शेवटच्या शब्दापासून सुरू करायचं. शब्द ऐकला नसेल तर परत जायचं. आम्हाला अशीच सवय लावली होती.

शेवटासाठी : आमच्याकडे रात्रभर नाटक होतं आणि पहाटे दहीकाला. हंडी फुटली, प्रसाद वाटला, की मग माणसं उठतात. तुमच्या नाटकात वाटे पडतात ना? ते लोकांत वाटा. समुद्र लोकांत आहे म्हणता, तर मासे तिथूनच आले.

पुढच्या मंगळवारी तुमच्या शेजारच्या गावात आमचं नाटक आहे. दुपारी दोनला शाळेत येऊ शकतो, चारपर्यंत. रंग बरोबर आणणार नाही, पोरं रंगाच्या मागे लागतात. मृदंग आणतो. बाकडं तुमच्याकडे आहे ना?

समुद्रशाळा (२२ नोव्हेंबर)

आहे. एक पाय हलतो, तो उद्याच ठोकून घेते. मुलांना मंगळवारचं आत्ता सांगितलं तर रात्री कोणी झोपणार नाही, म्हणून सोमवारी सांगेन.